फोर्डवाल्या पोरांना शेवरोलेचं इंजिन घ्यायला लावणारा इंजिनिअर

अमेरिकन स्पोर्ट्स कार म्हटलं की कॉर्व्हेटचं नाव येतंच. पण सुरुवातीची कॉर्व्हेट दिसायला भारी आणि पळायला सुमार होती. तिचं नशीब पालटलं ते झोरा आर्कस-डंटॉव यांच्यामुळे.

झोरा यांचा जन्म १९०९ सालचा, ब्रसेल्समधला. आईवडील रशियन ज्यू. लहानपण रशियात गेलं, इंजिनिअरिंग बर्लिनमध्ये केलं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स नाझींच्या हातात गेला, तेव्हा तिथून निसटून ते अमेरिकेत पोचले.

न्यूयॉर्कमध्ये भाऊ युरासोबत त्यांनी आर्डन नावाची कंपनी काढली. त्या काळात हॉट रॉडर, म्हणजे जुन्या गाड्या खोलून वेगवान बनवणारी पोरं, फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन वापरायची. आर्डननं या इंजिनाची ताकद वाढवणारे सिलिंडर हेड बनवले. फोर्डच्या मागं पोरं का पळतात, हे झोरांनी इथं जवळून पाहिलं.

१९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी कॉर्व्हेट पाहिली. रूपाच्या ते प्रेमात पडले. पण बॉनेटखाली होतं सहा सिलिंडरचं, १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि जोडीला दोनच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याच वर्षी ते शेवरोलेत नोकरीला लागले.

तेव्हा एड कोल यांची टीम शेवरोलेचं नवं व्ही-८ तयार करत होती. पण नुसतं चांगलं इंजिन आणून भागणार नव्हतं.

डिसेंबर १९५३ मध्ये झोरांनी साहेबांना एक टिपण पाठवलं. मुद्दा साधा होता. फोर्डच्या इंजिनाला लागणारा प्रत्येक पार्ट बाजारात मिळतो, म्हणून पोरं फोर्ड घेतात आणि पुढंही फोर्डलाच धरून राहतात. त्यांना वळवायचं असेल तर ताकद वाढवणारे पार्ट कंपनीनंच तयार करून विकावेत.

१९५५ मध्ये कॉर्व्हेटला ४.३ लिटरचं, १९५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ मिळालं. तरी त्या वर्षी फक्त ७०० गाड्या बनल्या. मग झोरांनी नवा कॅमशाफ्ट बनवला आणि १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर कॉर्व्हेट ताशी १५० मैलांनी पळवून दाखवली. १९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं, ताकद २८३ हॉर्सपॉवरवर गेली.

पार्ट मिळू लागले तशी पोरंही वळली. पुढं तर लोक जुन्या फोर्डमध्येही शेवरोलेचं व्ही-८ बसवू लागले.

१९९६ मध्ये झोरा गेले. त्यांच्या अस्थी केंटकीतल्या कॉर्व्हेट म्युझियममध्ये आहेत. आजही गाडीसाठी इंजिन निवडताना जाणकार हॉर्सपॉवरसोबत पार्ट कुठं मिळतील हे विचारतातच.