निंदेकडे पाठ : कर्मवीर भाऊराव पाटील

मूळच्या ऐतवडे बुद्रुक (जि. सांगली) येथील जैन कुटुंबात भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले व परतल्यावर शुद्धिस्नानास त्यांनी नकार दिला. वसतिगृह सुटले. तेथील कारभार त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होता. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात ह्याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. त्यांनी ती दिली नाही. सूड उगविण्याची इतकी सोपी संधी क्वचितच कोणास मिळते!

१९१९ मध्ये काले (जि. सातारा) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. विरोध झाला, स्वकीयांकडूनही. अण्णा शांत स्वभावाचे होते असे मुळीच नव्हे. परंतु टीकाकारांना उत्तरे देत बसण्यापेक्षा मुलांच्या उद्याच्या धान्याची चिंता त्यांना मोठी वाटे. त्या धान्यासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. १९४८ मध्ये सरकारने अनुदान थांबविले, तेव्हा लोकांच्या आधारावर शाळा चालू राहिल्या; पुढे अनुदान पूर्ववत झाले. ९ मे १९५९ रोजी अण्णांचे निधन झाले.