दोस्तांना वेळ देणारे मिर्झा गालिब

मिर्झा गालिब म्हटले की आपल्याला गझल आठवते. आज आम्ही त्यांच्या दोस्तीविषयी सांगणार आहोत.

गालिब यांचा जन्म २७ डिसेंबर १७९७ रोजी आग्र्यात झाला. वडील लहानपणीच वारले, मग सांभाळणारे चाचाही गेले. तेराव्या वर्षी उमराव बेगम यांच्याशी निकाह झाला आणि पुढे ते दिल्लीत स्थायिक झाले. सात मुले झाली, एकही जगले नाही. पेन्शन तुटपुंजी, कर्ज कायमचे. या सगळ्यात त्यांनी माणसे मात्र जपली.

१८४७ मध्ये घरात जुगार चालवल्याच्या आरोपावरून त्यांना कैद झाली. जवळच्या पुष्कळांनी पाठ फिरवली. नवाब मुस्तफा खान शेफ्ता मात्र तुरुंगात भेटायला जात राहिले, खर्चही त्यांनीच उचलला. दोस्त कोण, हे अशा वेळी कळते.

खरी कसोटी १८५७ मध्ये लागली. इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि मुसलमानांना शहराबाहेर काढले. गालिब यांच्या गल्लीत पटियाळ्याच्या महाराजांचे हकीम राहत. त्यामुळे तिथे पहारा बसला आणि ते बचावले. त्याच ऑक्टोबरात भाऊ मिर्झा यूसुफ यांचा इंतकाल झाला. कफनाला कापड मिळेना, कबर खोदणारा मिळेना. शेवटी घरातल्या चादरींत गुंडाळून जवळच्या मशिदीच्या आवारात दफन करावे लागले. इमामबख्श सहबाई मारले गेले, शेफ्ता कैदेत गेले, मौलाना फजले हक खैराबादी यांना अंदमानात पाठवले गेले आणि ते तिथेच वारले. पेन्शनही बंद झाली. अशा दिवसांत सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल तफ्ता यांनी पैसे पाठवले. हे हिंदू शागीर्द. गालिब त्यांना प्रेमाने ‘मिर्झा तफ्ता’ म्हणत.

बैठक मोडली, दोस्त विखुरले. मग गालिब यांनी पत्रांतून गप्पा सुरू ठेवल्या. १८५४ पासून अर्ध्या आण्यात पत्र देशभर जात होते. त्यांनी लांबलचक अल्काब सोडले आणि समोर बसून बोलावे तसे लिहू लागले. पाऊस, आंबे, गळके घर, आजारपण, सगळे त्यात येई. एकट्या तफ्ता यांना शंभराहून अधिक पत्रे गेली. शागीर्दांच्या गझला दुरुस्त करून पाठवणेही चालूच होते.

दोस्तांनी १८५८ मध्ये ही पत्रे छापायचे म्हटले, तेव्हा गालिब नको म्हणाले. ते त्यांना आपले ‘काम’ वाटतच नव्हते. पुढे ‘ऊद-ए-हिंदी’ १८६८ मध्ये निघाले, ‘उर्दू-ए-मुअल्ला’ त्यांच्या इंतकालानंतर काही दिवसांनी. आज उर्दू गद्य शिकवताना आम्हा शिक्षकांना याच पत्रांपासून सुरुवात करावी लागते. दोस्तांना दिलेला वेळ असा टिकला.

१५ फेब्रुवारी १८६९ रोजी ते वारले. शेवटच्या आजारातही पडल्या पडल्या ते पत्रांची उत्तरे सांगून लिहून घेत होते.

आणि आपण? मुलगा दोस्ताकडे बसला की आपण त्याला टाइमपास म्हणतो. फोन आला की आधी विचारतो, काय काम होते? या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटे थांबू या. एखाद्या जुन्या दोस्ताला काही काम नसताना फोन करू या, फक्त खैरियत विचारायला.