विश्लेषण : पन्नाशीत मिळालेले पहिले मोठे काम अन् मृत्यूनंतर पूर्ण झालेले संग्रहालय... लुई कान यांच्या येलमधील दोन इमारती का महत्त्वाच्या?

अहमदाबादच्या ‘आयआयएम’च्या विटांच्या कमानी अनेकांना परिचित आहेत. त्यांचे वास्तुविशारद लुई कान यांना खरी ओळख मिळाली ती मात्र अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयामुळे.

लुई कान कोण होते?

१९०१ मध्ये आजच्या एस्टोनियातील एका बेटावर गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी निखाऱ्यांनी भाजल्याचे व्रण चेहऱ्यावर कायम राहिले. १९०६ मध्ये ते फिलाडेल्फियाला आले. मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून त्यांनी शिक्षणाला हातभार लावला. १९२४ मध्ये पदवी मिळाली, पण मोठे काम मिळायला पन्नाशी उजाडली.

येलच्या छताचे वैशिष्ट्य काय?

१९५३ मध्ये पूर्ण झालेल्या येल आर्ट गॅलरीचे छत काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचे आहे. दिव्यांच्या वायरी आणि हवेचे डक्ट या जाळीच्या पोकळीतूनच जातात. त्यामुळे फॉल्स सीलिंगची गरज उरली नाही. या भूमितीमागे त्यांच्या सहकारी अ‍ॅन टिंग यांचा प्रभाव होता. रचना नवी असल्याने तिच्या मजबुतीबद्दल शंका घेतली गेली आणि भार ठेवून चाचणी करावी लागली. पुढे आतला भाग पार्टिशनने झाकला गेला. कान यांना ते रुचले नाही. २००६ मध्ये दुरुस्तीनंतर मूळ रूप पुन्हा खुले झाले.

दुसरी इमारत कोणती?

याच रस्त्याच्या पलीकडे ‘येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट’ आहे. बाहेरून करड्या पोलादाची, आत ओकच्या लाकडाची आणि छतातून झिरपणाऱ्या सूर्यप्रकाशाची ही इमारत १९७७ मध्ये खुली झाली. ती पाहायला कान नव्हते.

शेवट कसा झाला?

१७ मार्च १९७४ रोजी अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. घरी बातमी पोहोचायला दोन दिवस लागले. तोवर मृतदेह शवागारात पडून होता. जगभर नाव झालेल्या या वास्तुविशारदाच्या डोक्यावर तेव्हा लाखो डॉलरचे कर्ज होते. येलमधील अपुरे काम त्यांच्याकडे पूर्वी काम केलेल्या वास्तुविशारदांनी पूर्ण केले. चॅपल स्ट्रीटवर आज त्यांची पहिली मोठी इमारत आणि त्यांना पूर्ण झालेली पाहता न आलेली इमारत समोरासमोर उभ्या आहेत.