विधवेचे एक नाणे

शब्बाथशाळेत आम्ही विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट नेहमी सांगतो. आज दुसऱ्या एका विधवेचे नाणे पाहू.

टॅबिथा ब्राऊनबाईंचे पती अमेरिकेत पाळक होते. १८१७ साली ते निवर्तले. पदरी तीन मुले. बाईंनी शाळा चालवून त्यांना वाढविले. १८४६ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, काठी टेकीत चालणाऱ्या या आजी मुले-नातवंडांसह बैलगाड्यांनी मिसूरीहून ऑरेगनला निघाल्या. मुलगा ओरस जुन्या वाटेने गेला. आजी व मुलगी फर्न यांनी नवी वाट धरली. ती फार बिकट निघाली. चीजवस्तू गेली, उपासमार झाली. ओरस शिधा घेऊन आला म्हणून सारे वाचले.

सेलमला पोहोचल्यावर हातमोज्याच्या बोटात बाईंना सव्वासहा सेंटांचे नाणे सापडले. त्यांनी तीन सुया घेतल्या, जुने कपडे देऊन आदिवासी स्त्रियांकडून हरणाची कातडी मिळविली आणि हातमोजे शिवून विकले.

१८४८ साली पाळक हार्वी क्लार्क यांच्या साहाय्याने फॉरेस्ट ग्रोव्ह येथे ओंडक्यांच्या उपासनामंदिरात त्यांनी अनाथ मुलांची शाळा उघडली. तिचेच पुढे पॅसिफिक विद्यापीठ झाले. १८५८ साली बाई वारल्या.

फर्नचा मुलगा क्लार्क प्रिंगल याने १८५१ साली कॅथरीन सेगर हिच्याशी विवाह केला. कॅथरीनचे आईबाप १८४४ साली ऑरेगनच्या वाटेवर वारले होते. तिला सांभाळणारे मिशनरी व्हिटमन पतिपत्नी १८४७ साली मारले गेले. आजीने अनाथांसाठी दार उघडले, आणि एक अनाथ मुलगी त्याच घराची नातसून झाली.

आपल्या दारातून आपली नातवंडे काय शिकत आहेत, हे आम्ही वाचकांबरोबर स्वतःलाही विचारतो.