खिळ्याची खाच
(तृतीय वर्ष, कला शाखा)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक अपराध घडला. तो घडला नसता तर डॉ. शंकर आबाजी भिसे हे नाव मला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एका ओळीपलीकडे माहीत झाले नसते. म्हणून त्यांच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी तो सांगून मोकळा होतो.

डोंबिवली पूर्वेला आमचे मराठी अक्षरजुळणीचे लहानसे दुकान आहे. बाबा मूळचे जुळारी. वयाच्या सोळाव्या वर्षापासून कल्याणच्या एका छापखान्यात त्यांनी शिशाचे खिळे जुळवले. पुढे ऑफसेट आले, खिळे भंगारात गेले, तेव्हा ऐन तिशीत ते संगणकावर टंकन शिकले. दुकानातला संगणक जुना, त्यातली विंडोज ७ ही प्रणालीही जुनी. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चीही देखभाल संपली; मग आमची प्रणाली म्हणजे पुराणवस्तूच, असा विचार करून बाबा गावी गेले असताना मी परस्पर नवी प्रणाली घातली. बाबा परतले, त्यांनी संगणक सुरू केला, आणि वीस-पंचवीस वर्षांचे त्यांचे काम पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला होऊन उमटले. लग्नपत्रिका, स्मरणिका, कितीतरी हौशी कवींचे संग्रह, आपल्या या वार्षिकाची मागील काही पाने, काहीच वाचता येईना.

कारण साधे होते. पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच. मराठी दिसे ते केवळ त्या फॉन्टच्या कृपेने. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. आमचा जुना फॉन्ट नव्या प्रणालीत चालेना, आणि त्याच्याबरोबर मराठीही गेली.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी खणातून जपून ठेवलेला शिशाचा एक खिळा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि मला डोळे मिटायला सांगितले. खिळ्याच्या अंगावर एक बारीक खाच होती. त्या खाचेवरून अंगठ्याला खिळ्याची बाजू कळते, बघावे लागत नाही, हे त्यांनी मला समजावले. कळफलकावरही दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. तर्जन्या तेथे टेकल्या की बाकीची बोटे आपापले घर शोधतात. माझ्या फोनच्या काचेवर मात्र बोटाला धरायला काही नाही. तेथे सगळे काम डोळ्यांचे.

त्या दिवशी मला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की हे खिळे पाडत कोण होते आणि कसे? उत्तर शोधीत मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत मुद्रणाविषयीची जुनी पुस्तके चाळताना भिसे भेटले.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत, एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. शिक्षण धुळे, जळगाव आणि पुणे येथे झाले. यंत्रांचा नाद लहानपणापासूनचा. चौदाव्या वर्षी जळगावला त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण रचले. पोट मात्र नादावर भरत नाही. मुंबईस अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांनी कारकुनी पत्करली. दिवसा आकडेमोड आणि उरलेल्या वेळात प्रयोग, असा क्रम काही वर्षे चालला. त्याच काळात त्यांनी मुंबईत एक विज्ञानमंडळ काढले आणि सामान्य वाचकासाठी विविध कलाप्रकाश हे मराठी मासिक चालवले. यंत्रविद्या मराठीत सांगता येते, हा विश्वास त्या काळी फार थोड्यांपाशी होता.

लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली. मुंबईच्या या कारकुनाने इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून ती जिंकली. मग शहरातील मोठ्यांचे लक्ष गेले. काँग्रेसचे एक सूत्रधार दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिले आणि १८९९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, भिसे लंडनला पोहोचले. १८९२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. राजकारणाच्या धबडग्यातही त्यांनी भिसे यांच्या यंत्रांत स्वतःचे पैसे घातले. हिंदी माणसाला शोधक बुद्धी नाही, हा आरोप खोडून काढण्याची ही एक वाट आहे, असे त्यांना वाटले असावे. लंडनमध्ये भिसे यांनी विजेवर चालणारा जाहिरातीचा फलक केला, तो क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडला गेला. स्वयंपाकघरातील उपकरणांपासून आपोआप पाणी सोडणाऱ्या शौचकूपापर्यंत कशालाच त्यांनी कमी लेखले नाही.

पण त्यांचे आयुष्य खर्ची पडले ते खिळ्यावर. त्या वेळी छपाईत मोठी उलथापालथ चालू होती. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून पत्राच्या छापखान्यात लायनोटाइप सुरू झाले होते. कळ दाबावी आणि अक्षरांची आख्खी ओळ शिशात ओतून मिळावी, असे ते यंत्र. मोनोटाइप त्याच्या मागोमाग आले. त्यात ओळीऐवजी सुटा खिळा पडे. भिसे यांनी या दोन्ही बड्या यंत्रांच्या तोडीस तोड म्हणून भिसोटाइप रचले. ते मिनिटाला बाराशे खिळे पाडी, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. या वेगाचे महत्त्व मला बाबांनी समजावले. छापून झालेला प्रत्येक खिळा पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकणे यात जुळाऱ्याचे आयुष्य जाते. खिळे इतके झपाट्याने आणि स्वस्तात पडू लागले, तर वापरलेले वितळवावेत आणि नवे पाडावेत, टाकाटाकीची कटकटच नको!

यंत्र होते, भांडवल नव्हते. दादाभाईंनी ब्रिटिश समाजवादी पुढारी हाइंडमन यांना गाठले. त्यांनी पैसा उभा करण्याचे मान्य केले, पण तो उभा राहिला नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे रिकाम्या हातांनी मुंबईस निघाले. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. त्या सागरप्रवासात गोखल्यांनी या माणसाची पारख केली आणि जमशेटजींचे धाकटे पुत्र रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. त्यातून टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट निघाली आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. दादाभाई, गोखले, टाटा! एका शोधकाच्या मागे इतकी थोर माणसे उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे विरळाच. तरीही १९१४ चे महायुद्ध पेटले आणि पुढच्याच वर्षी सिंडिकेट गुंडाळली गेली.

त्यानंतर भिसे न्यूयॉर्कला गेले ते कायमचेच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी खिळे पाडणाऱ्या यंत्राचे नवे नमुने पुन्हा हाती घेतले. त्याबरोबर रसायनांतही शिरले. आयोडिनचे अॅटोमिडिन हे औषध त्यांचेच. हिंदुस्थानचा एडिसन म्हणून त्यांची ख्याती अमेरिकेत झाली, आणि १९३० च्या डिसेंबरात खुद्द एडिसनची त्यांनी भेट घेतली. सुमारे दोनशे शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे नावावर ठेवून ७ एप्रिल १९३५ रोजी ते न्यूयॉर्कमध्ये वारले.

मग भिसोटाइप घराघरांत, निदान छापखान्याछापखान्यांत का गेले नाही? भांडवल आणि युद्ध ही कारणे खरीच. पण मला आणखी एक कारण दिसते. छापखानेवाल्यांनी लायनो-मोनोवर पैसे घातले होते, त्यांच्या कामगारांची बोटे त्या कळांना सरावली होती, सुटे भाग आणि दुरुस्तीची माणसे त्याच यंत्रांची होती. दुसरे यंत्र सरस असेलही. परंतु ते घेणे म्हणजे केवळ विकत घेणे नव्हे, अंगवळणी पडलेले सारे पुन्हा शिकणे. यंत्र सुधारते एका जागी आणि त्याची किंमत मोजली जाते दुसऱ्याच जागी. मराठीला तर ही किंमत दुप्पट पडली. लायनोटाइपच्या फलकावर ९० कळा. आपली जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या आणि रफार त्यात मावणार कसे? म्हणून परदेशी यंत्रे धडधडत असतानाही आपले जुळारी कित्येक खणांच्या केसपुढे उभे राहिले. माझे बाबा त्या शेवटच्या पिढीतले.

भिसे यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे आणि थोडी कणवही. ते नव्याच्या बाजूचे होते, आणि मीही आहे. नवी प्रणाली घालायला हवीच होती. जुन्या प्रणालीला आता कोणी वाली नाही. चुकलो ते इतकेच, की ज्याच्या बोटांत वीस-पंचवीस वर्षांचे काम होते त्याला मी विचारले नाही.

आता दुकानात दोन संगणक आहेत. एक नवा. दुसरा जुन्या प्रणालीचा, सेकंडहँड आणलेला. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. जुनी एकेक फाईल आम्ही तेथून काढून युनिकोडमध्ये बदलतो. बदलणारी आज्ञावली अर्धा र आणि ऱ्हस्व वेलांटी यांत हमखास घोळ घालते. म्हणून रोज रात्री बाबा कागदावर प्रूफ वाचतात आणि मी दुरुस्त्या करतो. आतापर्यंत सहा कवितासंग्रह वाचनीय झाले.

हा लेख मी लोकलमध्ये, डोंबिवली ते ठाण्याच्या गर्दीत, फोनच्या काचेवर अंगठ्याने लिहिला. बाबांनी त्यात एकोणीस चुका काढल्या. त्या मात्र मी त्यांच्या शेजारी बसून कळफलकावर दुरुस्त केल्या आहेत.