पेशींची बाजू लढवणारा मेचनिकॉफ

करोनाच्या काळात ‘अँटीबॉडी किती आल्या?’ हा प्रश्न अनेकांच्या तोंडी होता. काही महिन्यांनी हा आकडा खाली आला की धीर सुटायचा. पण रोगप्रतिकारशक्ती केवळ रक्तातल्या प्रतिपिंडांवर उभी नसते. जिवंत पेशीही रोगाशी लढतात. हा विचार एकोणिसाव्या शतकात हिरिरीने मांडला तो एली मेचनिकॉफ यांनी.

त्यांचा जन्म १८४५ मध्ये, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील खारकोव्हजवळच्या एका खेड्यात झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली. खचलेल्या मेचनिकॉफ यांनी अफूचा मोठा डोस घेऊन जीवन संपवण्याचा प्रयत्न केला; त्यातून ते वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने गंभीर आजारी पडली. ती बरी झाली, पण १८८१ मध्ये पुन्हा निराशेने घेरलेल्या मेचनिकॉफ यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्या दुखण्यातूनही ते उठले.

ओडेसा विद्यापीठातील नोकरी सोडून १८८२ मध्ये ते सिसिलीतील मेसिना येथे राहायला गेले. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली ते तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहत होते. शरीरात हिंडणाऱ्या या पेशी आगंतुकाला अडवत असतील का, अशी शंका त्यांना आली. त्यांनी गुलाबाचे बारीक काटे अळ्यांत टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला! पुढे पाणपिसूच्या शरीरात शिरलेल्या बुरशीला अशाच पेशी गिळताना त्यांनी पाहिल्या. या पेशींना भक्षक पेशी असे नाव मिळाले.

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसमधील आपल्या संस्थेत जागा दिली. त्यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्देमार हाफकिन हेही त्याच संस्थेत आले. प्लेगची लस मुंबईत तयार करणारे, परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते हेच हाफकिन.

पण जर्मन शास्त्रज्ञांना मेचनिकॉफ यांचे म्हणणे मान्य नव्हते. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवात विष निकामी करणारे घटक असतात, हे दाखवले. पेशी की रक्तद्रव, असा वाद वर्षानुवर्षे रंगला. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये दिसून आले की रक्तद्रवातील काही घटक जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी त्यांना सहज गिळतात. म्हणजे दोघेही बरोबर होते. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तद्रवाची बाजू घेणारे पॉल एर्लिक यांना विभागून मिळाले. १९१६ मध्ये मेचनिकॉफ यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.

टी पेशी मात्र त्यांना ठाऊक नव्हत्या. त्यांचे महत्त्व १९६० च्या दशकात उलगडले. मेचनिकॉफ यांच्या भक्षक पेशी गिळलेल्या विषाणूचे तुकडे टी पेशींना दाखवतात, असेही पुढे कळले. प्रतिपिंडे विषाणूला पेशीबाहेर अडवतात. तो आत शिरला की ती बाधित पेशीच नष्ट करण्याचे काम टी पेशींना करावे लागते. करोनाच्या गंभीर रुग्णांच्या रक्तात टी पेशींची संख्या अनेकदा घटलेली आढळली. ज्यांच्या टी पेशी लवकर कामाला लागल्या, त्यांचा आजार बहुधा सौम्य राहिला. २००३ च्या सार्समधून बरे झालेल्यांत तर १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या.

अर्थात पेशींचा अतिरेकही घातक ठरतो. गंभीर करोनात फुप्फुसाला सूज आणण्यात अनावर झालेल्या भक्षक पेशींचाही वाटा होता. संरक्षण टिकते ते प्रतिपिंडे आणि पेशी यांच्या मेळावर. म्हणूनच प्रतिपिंडांचा आकडा उतरला म्हणजे शरीर निःशस्त्र झाले, असा अर्थ काढणे योग्य नाही.