क्लाउदियो मोंतेव्हेर्दी : सॅन मार्कोचे संगीतगुरू

व्हेनिस शहरात येणारे यात्रेकरू सॅन मार्को कॅथेड्रलच्या पाच घुमटांखाली उभे राहून सोनेरी मोझॅइक चित्रे पाहतात आणि बाहेर पडतात. सुमारे ८,००० चौरस मीटर क्षेत्र या चित्रांनी मढलेले आहे. नजर वर खिळते यात नवल नाही. तथापि मुख्य वेदीच्या परिसरात, दोन बाजूंना समोरासमोर, उंचावर ऑर्गनचे दोन सज्जे आहेत. त्यांकडेही वाचकांनी पाहावे, असे आम्ही सुचवू. गायक-वादकांचे गट निरनिराळ्या जागी उभे करून एकाने आळवावे व दुसऱ्याने उत्तर द्यावे, ही परंपरा येथे सोळाव्या शतकात बहरली. १६१३ साली तो वारसा क्लाउदियो मोंतेव्हेर्दी यांच्या हाती आला.

त्यांचा जन्म क्रेमोनाचा. बाप्तिस्मा १५ मे १५६७ रोजी झाला. वडील वैद्यकी करीत. तरुणपणीच ते मांतुआच्या गोंझागा ड्यूकच्या दरबारी वादक म्हणून रुजू झाले आणि पुढे तेथील संगीतप्रमुख बनले. काम अपार, वेतन अनियमित. १६०७ साली त्यांचे ‘ओर्फेओ’ हे संगीतनाटक गाजले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पत्नी क्लाउदिया निवर्तली. पदरी दोन लहान मुलगे. शोक ओसरण्यापूर्वीच दरबारातील विवाहसोहळ्यासाठी ‘आरियान्ना’ रचण्याचे फर्मान निघाले. नायिकेची भूमिका करणारी तरुण गायिका त्यांच्याच घरी राहून शिकलेली. तीही प्रयोगापूर्वी देवीच्या रोगाने दगावली. १६०८ साली प्रयोग झाला. त्यातील परित्यक्ता आरियान्नाच्या विलापाने प्रेक्षक हेलावून गेले.

१६१० साली त्यांनी पवित्र मरियेच्या सन्मानार्थ रचलेली सायंप्रार्थना प्रसिद्ध करून ती पोप पाचवे पॉल यांना अर्पण केली. १६१२ साली मात्र नव्या ड्यूकने त्यांना सेवेतून काढून टाकले. पुढच्या वर्षी व्हेनिसने बोलावले. सामान घेऊन तेथे जाताना वाटेत दरोडेखोरांनी त्यांना लुटले!

त्या काळी सॅन मार्को हे कॅथेड्रल नव्हते, तर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचे प्रमुख असलेल्या डोजचे राजमंदिर होते; कॅथेड्रलचा दर्जा त्याला १८०७ साली मिळाला. तेथील गायकवृंद विस्कळीत झाला होता. मोंतेव्हेर्दींनी नवे गायक नेमले, पालेस्त्रिना आदी जुन्या गुरूंच्या मिस्सांच्या प्रती आणवल्या आणि शिस्त बसवली. वेतन ३०० डुकाट होते, ते १६१६ साली ४०० झाले. मोठा मुलगा फ्रान्सिस्को याच गायकवृंदात गाऊ लागला. धाकटा मास्सिमिलियानो वैद्यक शिकला. परंतु निषिद्ध पुस्तक वाचल्याच्या संशयावरून १६२७ साली धर्मन्यायालयाने त्याला अटक केली. पित्याने १०० डुकाटांच्या जामिनासाठी धावपळ केली. पुढच्या वर्षी मुलगा निर्दोष ठरला.

१६३०-३१ च्या प्लेगने शहरातील सुमारे एकतृतीयांश माणसे नेली. साथ ओसरल्यावर, नोव्हेंबर १६३१ मध्ये, सॅन मार्कोत आभाराचा मिस्सा झाला. त्याचे संगीत मोंतेव्हेर्दींचेच होते. १६३२ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, या विधुराने गुरुदीक्षा घेतली.

धर्मगुरू झाल्यावरही त्यांनी रंगभूमी सोडली नाही, हे काहींना खटकते. आम्हाला तसे वाटत नाही. १६४० च्या सुमारास त्यांनी आपल्या धार्मिक रचनांचा मोठा संग्रह छापला. त्याच्या शेवटी आहे आरियान्नाचा तोच विलाप. सूर तेच, परंतु शब्द लॅटिन, आणि रडणारी आहे क्रुसाखालची मरिया. पत्नीच्या मृत्यूनंतर वर्षही न सरता सुचलेले ते सूर तीसेक वर्षांनी दुःखी मातेच्या मुखी आले. पुढे १९०३ साली संत दहावे पायस यांनी मंदिरांतील नाटकी संगीतावर निर्बंध घातले. पोप होण्यापूर्वी ते याच व्हेनिसचे पॅट्रिआर्क होते. त्यांचा रोख पुढच्या काळातील दिखाऊ गाण्यावर होता, असे आमचे मत आहे. हा विलाप शांतपणे ऐकणाऱ्याला त्यात दिखावा सापडणे कठीण.

२९ नोव्हेंबर १६४३ रोजी मोंतेव्हेर्दी व्हेनिसमध्येच निवर्तले. त्यांची कबर फ्रारी मंदिरातील लोम्बार्ड लोकांच्या चॅपेलमध्ये, जमिनीतील साध्या शिळेखाली आहे. सॅन मार्कोपासून तेथवर पायी जाता येते.